चार तारांवर मोठं गाणं

२ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्यातले रफूवाले काका म्हणाले, लिहून ठेवत जा. कुठलं गाणं धरलं, किती दिवस घासलं, कुठे अडलं. नाहीतर माणूस रोज नवीन गाणं धरतो आणि रोज अर्ध्यावर सोडतो. म्हणजे मलाच बोलले. म्हणून ही वही. वही चादरी मोजायची आहे, पानावर चादर, अभ्रा, टॉवेल असे रकाने छापलेत. मी त्यांच्यावरूनच लिहिणार. सहावीनंतर पेन धरलं ते फक्त सहीपुरतं, तेव्हा अक्षराबद्दल कोणी बोलू नये. तसंही वाचणार कोण.

तर आज बाजा माझा झाला. आमच्या धुलाई कारखान्यात हॉटेलांचे कपडे येतात आणि पोत्यांतून चादरींबरोबर काय वाट्टेल ते येतं. चष्मे, कवळ्या, एकदा एकच बूट, नवाकोरा. ऑफिसातली बाई ते कपाटात ठेवते. सहा महिन्यांत कोणी मागायला आलं नाही तर ज्याला सापडलं त्याचं. मला ऑगस्टमध्ये एका ब्लँकेटच्या गुंडाळीत हे सापडलं होतं. गोल डबा, वर ढोलकीसारखं चामडं, आखूड दांडा, चार तारा. लांब्या म्हणाला, "तारा लावलेली चाळण आहे." लांब्या म्हणजे इस्त्रीच्या रोलरवर माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरतो तो. खोलीवरही तोच. सुटका नाही.

ओळखलं ते रफूवाल्या काकांनी. ते कोपऱ्यात मशीनवर फाटक्या चादरी शिवतात. तरुणपणी जहाजावरच्या बँडमध्ये होते म्हणे. "बँजो युकुलेले," म्हणाले. "आवाज बँजोचा, हात युकुलेलेचा. दोघांनीही टाकून दिलेलं पोर आहे हे." मला एकदम आवडलं ते.

मला एक गाणं बसवायचं आहे. एकच. ते फोनवरून अण्णांना ऐकवायचं, आणि असं ऐकवायचं की दादाने त्याची पेटी बंद करून बाजूला ठेवावी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल अण्णांचं लिहायचं राहिलं. अण्णा माझे वडील, शिंपी. डिसेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे चालू आहेत, डावा हात चालू आहे. आई म्हणते सगळं कळतं त्यांना. दादा रोज संध्याकाळी पेटी घेऊन त्यांच्या उशाशी बसतो आणि गातो. ते ऐकत पडून असतात. दादाला काय, घरीच असतो.

दादाला त्यांनी स्वतः शिकवलं. रोज दुकान बंद झालं की पेटी निघायची. मी एकदा मधेच तोंड घातलं तर म्हणाले, "तुझ्या गळ्यात सूर नाही. तू काज-बटणाकडे बघ." नऊ वर्षांचा होतो. मग मी मशीनखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करायचो आणि वर दादाचं आ-आ चालायचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. गच्चीवर दुपारभर.

चौथी तार चुकीची आहे असं मला वाटत होतं. सगळ्यात वरची, म्हणजे ती जाड आवाजाची पाहिजे, तर ही किनरी. दोन दिवस मी ती सैल करत होतो, शेवटी दोरीसारखी लोंबायला लागली. काकांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, ती उंचच असते. आधी उंच, मग खाली उतरायचं, मग पुन्हा चढायचं. तशीच तिची रीत." शिवाय चामडं ओलसर हवेत ढिलं पडतं. आमच्याकडे दिवसभर वाफ, त्यामुळे बाजा थप-थप बोलतो. मी कडेच्या सगळ्या पिना पान्याने आवळल्या. काका ओरडले, वाफेत आवळशील आणि कोरड्यात नेशील तर फाटेल. आता मी काम सुटताना रोलर थंड व्हायच्या आत त्याच्या कडेला दोन मिनिटं बाजा धरतो. चामडं ताणलं जातं, आवाज खणखणीत. हे कुठल्या मास्तरने शिकवलेलं नाही.

धरलेलं गाणं: सिनेमातलं एक रडकं. अडलं: सगळीकडे. तार छेडली की टुक करून मरते. गाणं म्हणतं आ-आ-आ, बाजा म्हणतो टुक.

९ फेब्रुवारी, सोमवार

शाळेची प्रार्थना धरली. लांब्या म्हणाला, "कुणी टाईप करतंय का?"

अंगाई धरली. ती बरी बसते, पण अंथरुणात पडलेल्या माणसाला अंगाई वाजवायची म्हणजे काय अर्थ होतो? सोडली.

काकांनी त्यांच्या जहाजावरचं एक नाचाचं वाजवून दाखवलं. त्यांची बोटं जाड, वाकडी, तरी बाजा असा काही उड्या मारायला लागला की पॅकिंगच्या बायका बघायला आल्या. म्हणाले, "याच्या अंगात लांब सूर नाही. सूर लावायला जाऊ नकोस, ठोका लाव. थांबायचं नाही असं काहीतरी निवड."

"अर्धांग झालेल्या माणसापुढे नाच वाजवू?"

"तो माणूस बघ, मग निवड. तू आधीच निवडून बसलायस."

काहीतरीच. मी अजून काहीच निवडलेलं नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

निवडलं. मोठं गाणं.

आमच्या घरात त्याला मोठं गाणंच म्हणतात. संथ. एक ओळ म्हणायला अख्खा श्वास लागतो, आणि मधे एका जागी सूर उभा करून तसाच धरून ठेवायचा असतो. दादा ते पंधराव्या वर्षी गायला तेव्हा अण्णांनी कात्री खाली ठेवली होती. अण्णा गिऱ्हाईक समोर असलं तरी कात्री खाली ठेवत नसत.

काकांना सांगितलं तर त्यांनी आधी हातातली चादर शिवून संपवली. मग म्हणाले, "बस मग घासत."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फोन लावला. व्हिडिओ. आईने फोन अण्णांच्या छातीसमोर धरला. चेहरा एका बाजूला ओघळलाय. दाढी दादा करतो वाटतं, बरी केलेली असते. मी म्हणालो, अण्णा, बघा काय आणलंय. ते बघत होते.

आधी तारा जुळवल्या. जुळवल्या की माझे हात सवयीने थोडं टुक-टुक-टुकटुक-टुक असं काहीतरी वाजवतात. ते गाणं नाही. हात झटकल्यासारखं आहे. मग मोठं गाणं सुरू केलं. पहिल्या दोन ओळी. मधल्या जागेला आलो तर सूर धरायला काही नव्हतंच. टुक. शांतता. पुढची टुक. आई म्हणाली, "छान आहे रे." आईच्या छान आहे रे मध्ये काय असतं ते मला लहानपणापासून माहीत आहे.

मग आई म्हणाली, "ते पहिलं पुन्हा वाजव ना. सुरुवातीचं."

"कुठलं?"

"ते तुरुतुरु. ते वाजवत होतास तेव्हा ह्यांचा पाय हलत होता. डावा. चादरीखाली, असा वरखाली."

मी म्हणालो, ते गाणं नाही, तारा तपासत होतो.

"असू दे रे. मशीन मारताना ते जिभेने करायचे ना, अगदी तसंच आहे. मला वाटलं तू मुद्दाम बसवलंस."

मला काही आठवत नाही. मशीनखाली मी टाचण्या गोळा करत होतो, त्यांची जीभ ऐकायला बसलो नव्हतो. दहा दिवस बोटं सोलून मी गाण्यापर्यंत आलो त्याचं काही नाही, आणि हात झटकले त्याची वाहवा.

रेंज गेली म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीनशे वीस चादरी. बोटाला रोलरचा चटका. वाजवलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आईचा फोन, सकाळी नऊलाच. रोज दहा मिनिटं वाजवशील का म्हणते. तुरुतुरु. फिजिओवाली बाई म्हणाली की पाय आपणहून हलतोय तर हलू दे, चांगलं आहे. "तुला मोठं गाणं बसवायचं तर बसव रे, पण तोवर हे वाजव. तुझं काय जातंय?"

मी म्हणालो, "मी काय माकडवाला आहे? डुगडुगी वाजवली की पाय हलवायचा?"

आई म्हणाली, "बापाबद्दल बोलतोयस."

मी माझ्याबद्दल बोलत होतो. माकड मी. पण तोवर तिने ठेवला होता.

लांब्या खाटेवर पडून सगळं ऐकत होता. म्हणाला, "रजेचा अर्ज ऑफिसात मिळतो. गुलाबी रंगाचा. मी गेल्या वर्षी भरला होता."

मला माहीत आहे कुठल्या रंगाचा असतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

युक्ती सापडली. एकच तार नखाने भराभर खालीवर घासत राहायची, मरायच्या आत पुन्हा छेडायची, पुन्हा, पुन्हा. लांबून ऐकलं तर सूर उभा राहिल्यासारखा वाटतो. जवळून ऐकलं तर थंडीने कुणाचे दात वाजतायत असं वाटतं. पण लांबून चांगलं. आणि मी लांबच आहे.

मनगट सुजलंय. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागे वाजवतो. काका येऊन उभे राहिले. म्हणाले, "फसवतोयस त्याला."

"अण्णांना?"

"बाजाला."

४ मार्च, बुधवार

दादाचा फोन. दादा मला सहसा फोन करत नाही, आईच्या फोनवरून हात हलवतो फक्त. म्हणाला, मी ते तुरुतुरु पेटीवर बसवलं.

माझ्या कानशिलाखाली कोणी लगावल्यासारखं झालं. ते टाकाऊ का असेना, माझं होतं. माझ्या बोटांतून निघालेलं. पेटी त्याची, गळा त्याचा, मोठं गाणं त्याचं, अण्णा त्याचे, आणि आता माझे हात झटकणंही त्याचंच.

मी म्हणालो, "मग? हलला पाय?"

"नाही ना. तेच सांगतोय. पेटीवर सूर लांबतो रे. कितीही तोडून वाजवलं तरी भात्यात हवा राहतेच. अण्णा मान हलवतात. नाही, नाही अशी. काल तर डाव्या हाताने पेटी ढकलली त्यांनी." मग म्हणाला, "माझी पेटी कधी ढकलली नव्हती त्यांनी."

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, झाला. लहानपणापासून वाट बघत होतो असा आनंद झाला.

"तू वाजव ना," दादा म्हणाला. "उद्या तुझी सुट्टी असते ना? दहा मिनिटं. फोन मी धरतो."

मी म्हणालो, उद्या ड्युटी लागली आहे, दुसरा माणूस आजारी आहे.

"मग परवा सुटल्यावर?"

"बघतो."

"तू नेहमी बघतोच म्हणतोस."

"आणि तू नेहमी घरीच असतोस," मी म्हणालो. मागून आईचा आवाज आला, "झालं का बोलून? चल, उचलायला मदत कर." तो गेला.

५ मार्च, गुरुवार

सुट्टी होती. गच्चीवर मोठं गाणं. सकाळी आठ ते चार. पहिली ओळ साफ. दुसरी साफ. मधल्या जागेचा सूर साडेतीन सेकंद मोजून धरता आला.

तारा जुळवल्यावर हात झटकायचे बंद केलेत. जुळवायच्या आणि थेट गाणं धरायचं.

११ मार्च, बुधवार

आज काकांनी विचारलं, "बाप काय म्हणतो?"

"बोलता येत नाही त्यांना."

"मला माहीत आहे. काय म्हणतो, ते विचारतोय."

मी सगळं सांगितलं. तुरुतुरु, पाय, पेटी ढकलली ते. त्यांनी पायाखालची फळी थांबवली, मशीन थांबलं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. तर ते सुई बदलत म्हणाले, "मला माझ्या पोराने एक फोन करावा म्हणून मी वाटेल ते ऐकीन. डबा वाजवला तरी."

तुमचा मुलगा फोन करत नाही त्यात माझा काय दोष, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

१५ मार्च, रविवार

आईशी बोललो. फोन अण्णांसमोर धरू का म्हणाली. मी म्हणालो धर. तिने धरला. मी म्हणालो, अण्णा, थोडे दिवस थांबा, नीट बसवतोय. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. बाजा नव्हता हातात. मग मान भिंतीकडे वळवली.

आई म्हणाली, "झोप आली असेल."

सकाळचे अकरा वाजले होते.

१९ मार्च, गुरुवार

काल कॅन्टीनमध्ये सगळ्यांपुढे वाजवलं. मोठं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पॅकिंगच्या बायकांनी चमचे खाली ठेवले. ऑफिसातली बाई दारात उभी राहून ऐकत होती. लांब्यासारखा लांब्या, तो म्हणाला, "च्यायला, हे त्याच चाळणीतून निघालं?"

काका म्हणाले, "जमलं. कुणाचा तरी गळा धरल्यासारखं वाजवतोस, पण जमलं."

दादाला निरोप पाठवला. पुढच्या गुरुवारी चार वाजता. सगळे घरी असा.

२६ मार्च, गुरुवार

आता साडेपाच वाजलेत. लगेच लिहून टाकतो, नंतर मी त्यात काहीतरी घुसडीन.

चार वाजता फोन लावला. त्याआधी बाजा कारखान्यात नेला होता, सुट्टी असून, फक्त रोलरवर धरायला. रोलरवाल्यांनी वेड्यात काढलं. चामडं असं तापवलं की नख लागलं तरी बोलत होतं.

दादाने फोन उचलला. विचारलं, "कुठे ठेवू? अण्णांच्या उशाशी ठेवतो."

मी म्हणालो, नको, तिथे नुसतं छत दिसतं. तू टेबलावर ठेव आणि तूच समोर बस. तुला यातलं कळतं.

तो बसला. वाळलाय. केस वाढलेत. शर्टाच्या खांद्यावर ओल्या फडक्याचा डाग होता. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे एवढा वेळ बघितलं असेल. मागे खाटेचा कोपरा दिसत होता आणि त्यावर चादरीखाली अण्णांचे पाय. आई पायाशी उभी.

वाजवलं. पहिली ओळ अशी गेली की मलाच कळलं नाही मी वाजवतोय. मधल्या जागेला मनगट जळत होतं, पण सूर उभा राहिला आणि मी सोडला नाही, सोडला नाही, दादाच्या तोंडाकडे बघत तो धरूनच ठेवला. दादा पंधरा वर्षांचा असताना जेवढा धरत होता त्याहून जास्त. मग उतरलो. शेवट केला.

एकही चूक झाली नाही.

दादा रडत होता. डोळे पुसले नाहीत, तसाच बसून राहिला. म्हणाला, "मला असं आता येत नाही." मग म्हणाला, "नोव्हेंबरनंतर मी रियाजच केला नाही रे. संध्याकाळी त्यांच्यासाठी गातो तेवढंच."

हेच तर ऐकायचं होतं मला. शब्द तेच. मी मनात हजार वेळा त्याच्या तोंडून वदवून घेतले होते. पण मनात तो असा दिसत नव्हता.

आई पुढे आली. खाली वाकून फोनमध्ये बघितलं. डोळे कोरडे. म्हणाली, "छान झालं. आता त्यांच्यासाठी वाजवतोस का?"

मी म्हणालो, "हे त्यांच्यासाठीच होतं."

"बरं," म्हणाली.

भांडली असती तर मला पुष्कळ बोलायचं होतं. बाजा मांडीवर होता. तारा जुळलेल्या होत्या. बोटं ठेवायची फक्त. मी ठेवली नाहीत. का ते विचारू नका, मीच विचारतोय तासभर.

फोन बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. दादा उठून गेला त्यामुळे समोर रिकामी खुर्ची दिसत होती आणि खाटेचा तो कोपरा. अण्णांचे पाय हलत नव्हते. मग दादाचे हात आले, एक मांडीखाली, एक पाठीखाली. "धर गं तिकडून," तो आईला म्हणाला. "एक, दोन, हं." त्यांनी अण्णांना कुशीवर वळवलं. दोघांनी मिळून चादरीची घडी सरळ केली, जशी रोजची सवय असलेली माणसं करतात. फोनकडे कुणी बघितलं नाही.

मग मीच बंद केला.